नागसिरी निघाली भृगुकच्छला

१२ जानेवारी २०२५, रविवार

आजपासून पुस्तक लिहायला घेतलं, म्हणून ही डायरीही. पुस्तकात जे बसणार नाही ते इथे.

निमित्त प्रणालीचं. बारावं लागलंय तिला, सहावीत आहे. वाचनालयातली मुलांची सगळी पुस्तकं वाचून संपली आणि परवा जेवता जेवता म्हणाली, "त्या पोरी सगळ्या इजिप्तच्या नाई तर रोमच्या राहतात. आपल्या इकडची एखादी काहून नसते?" मी जिल्हा परिषदेच्या शाळेत अठरा वर्षं मराठी आणि इतिहास शिकवते. मला हे लागलंच. म्हटलं, थांब, देते तुला इकडची.

तर कौंडिण्यपूर. अमरावतीहून तासाभराचा रस्ता, वर्धा नदीच्या काठी. काळ दोन हजार वर्षांपूर्वीचा, सातवाहनांचा. नागसिरी नावाची बारा वर्षांची मुलगी. बाप मणिकार, म्हणजे रंगीत दगडांचे मणी घडवून विकणारा. तो व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर पश्चिमेच्या बंदरावर, भृगुकच्छला म्हणजे आजच्या भरूचला गेला आणि पाच पावसाळे उलटले तरी आला नाही. नागसिरी मुलाचा वेश करून दुसऱ्या तांड्यात शिरते आणि बापाला शोधायला निघते. वाटेत चोर, वाघ, पूर, लेणी. शेवटी बाप सापडतो आणि दोघं हसत परत येतात. शेवट आधी ठरवला की वाट चुकत नाही, असं मीच वर्गात सांगत असते.

प्रणालीने सगळं ऐकून एकच विचारलं, तांडा कोणत्या रस्त्याने जाईल. मी नकाशा उघडून दाखवला: अकोला, मलकापूर, भुसावळ, मग तापीच्या काठाकाठाने. ती म्हणाली, हा तर सुरतच्या गाडीचा रस्ता. आता भूगोलच तसा आहे, त्याला मी काय करणार? तिचे बाबा सुरतला असतात, कापडाच्या धंद्यात, म्हणून तिला जिथे तिथे सुरत दिसते.

१५ जानेवारी, बुधवार

काल संक्रांतीची सुट्टी होती, दुसरं प्रकरण एका बैठकीत झालं. प्रणालीला परीक्षक नेमलंय आणि स्वतःचा लाल पेन दिलाय. ही चूकच केली म्हणायची.

नागसिरी पहाटे निघते, गाठोड्यात ज्वारीची भाकर आणि मिरचीचा ठेचा बांधते, आणि पहिल्या दिवशी संत्र्याच्या बागेत लपते. बाईसाहेबांनी ठेच्याला गोल केलाय. मिरची पोर्तुगिजांनी आणली, दीड हजार वर्षांनंतर. संत्र्यालाही गोल, त्या बागाही फार नंतरच्या. मी दर वर्षी पोर्तुगिजांचा धडा शिकवते, फळ्यावर मिरची काढून दाखवते, तरी हात आपला ठेच्याकडेच गेला. वऱ्हाडातल्या बाईला ठेच्याशिवाय भाकर सुचतच नाही. मग मिरे घालून जवसाची चटणी लिहिली. असली मिळमिळीत चटणी खाऊन ही पोरगी भृगुकच्छपर्यंत कशी टिकणार, देव जाणे.

समासात तिने आणखी एक लिहिलंय. "दुसरे तांडे दर वर्षी परत येतात. मग बाबा त्यांच्याबरोबर निरोप का पाठवत नाहीत?" मी खाली उत्तर लिहिलं, निरोप आला तर गोष्ट कशी होईल?

२० जानेवारी, सोमवार

डोकं ठिकाणावर नाही. बदल्यांची यादी आली. माझं नाव धारणी तालुक्यात, धारणीहूनही पुढे जीपने दोन तासांवरचं जंगलातलं गाव. सत्र संपलं की हजर व्हायचं.

धर्मपाल सर आमच्याच शाळेवर आहेत. आसपासच्या शाळांतल्या सगळ्यांचे बदलीचे अर्ज तेच भरून देतात, पण माझा मीच भरला होता. त्यांनी मला व्हरांड्यात बोलावलं आणि हळूच विचारलं, "मॅडम, तुम्ही पहिल्या संवर्गात काहून नाही भरलं?" त्या रकान्यात दुर्धर आजारी, विधवा, परित्यक्ता वगैरे येतात. त्यांना बदली नाकारता येते. मी म्हटलं, मला ते लागू नाही, आमचे हे सुरतला असतात. सर पायातल्या चपलांकडे पाहत म्हणाले, दुरुस्तीची मुदत सात फेब्रुवारीला संध्याकाळी सहापर्यंत आहे, घरूनच मोबाइलवर भरता येते, कोणाले दिसत नाही.

कोणाला दिसत नाही म्हणे. यादी ग्रुपवर येते, नावापुढे संवर्ग छापून. मागच्या खेपेला एका बाईंच्या नावापुढे 'परित्यक्ता' वाचून आम्ही स्टाफरूममध्ये काय काय बोललो ते मला चांगलं आठवतं. मीही बोलले होते.

आणि मुळात मला कुणी टाकलेलं नाही. गजेंद्र कामाला गेले. मग लॉकडाऊन आलं, त्यात कुणाला येता येत होतं? मग धंदा नवा, सुट्टी नाही. दोन वर्षांत फोन नाही हे खरं, पण त्यांचा स्वभावच कमी बोलण्याचा. डीपीवर हल्ली कुणाचं तरी बाळ असतं. शेठच्या घरचं असेल, प्रणालीलाही मी तेच सांगितलं, गजेंद्रांना मुलांची हौस आहे.

ठरवलं ते असं. मे महिन्यात मी एकटी धारणीला जायचं, प्रणालीला अकोल्याला आईकडे ठेवायचं. तिथे शाळा चांगल्या आहेत. वार्षिक परीक्षा होईपर्यंत तिला कळू द्यायचं नाही. मोबाइल अभ्यासासाठी तिच्याच हातात असतो, पण शिक्षकांचा ग्रुप ती कशाला उघडेल?

आज मुलांना तिसरीची कविता दोनदा शिकवली. एकही पोरगं बोललं नाही.

२४ जानेवारी, शुक्रवार

प्रणाली नकाशात धारणी शोधत होती. भूगोलाचा काही प्रकल्प असेल. मी विचारलं नाही, उगाच विषय निघायचा.

तिसरं प्रकरण तिला आवडलं, वाघ फार आवडला. पण प्रश्न भलतेच. नागसिरी जंगलात राहू शकेल का, तिथे तिला शिकता येईल का? मी म्हटलं, अगं, नागसिरी शाळेत जातच नाही. मग तिचं सुरू झालं, नागसिरीची आई काय करून राहिली? मी लिहिलंय की आई रोज दारात दिवा लावून वाट पाहते. तर म्हणे, कुणाची? बाबांची की नागसिरीची? ती स्वतः काहून नाही गेली शोधायला?

आता साहसकथेत आईला घेऊन काय करायचं? आई आली की वाघ येत नाही. हे तिला कसं समजवावं कळेना.

३० जानेवारी, गुरुवार

आमच्याकडे हळदीकुंकू झालं. दोन खोल्यांत चोवीस बायका. वाणात चहाची गाळणी दिली, सगळ्यांना पसंत पडली.

उखाण्याचा आग्रह झाला. मी घेतला:
"सुरतेच्या साडीला जरीचा काठ,
गजेंद्ररावांच्या नावाने पाहते मी वाट."

बायका हसल्या, टाळ्या वाजवल्या. घरमालकीणबाई म्हणाल्या, किती वर्षं वाट पाहता वो, आता घेऊन या त्यांना. प्रणाली तिळगुळाचं ताट फिरवत होती. ते तिने टेबलावर ठेवलं आणि गच्चीवर गेली. पाहुण्या जाईपर्यंत खाली आली नाही. मोठी व्हायला लागली की मुली अशा मध्येच तुटक होतात, असं ऐकलं होतं.

तो शब्द एकदा माझ्या नावापुढे लागला की पुढच्या संक्रांतीला यातल्या किती येतील? आणि मला किती जणी बोलावतील? बोलावलं तरी कुंकू लावताना त्यांचा हात एक क्षण थांबेल. मला ते थांबणं नको आहे. धारणी परवडली.

पण धारणीत प्रणाली नसेल. असं लिहिलं की पेन पुढे जात नाही.

२ फेब्रुवारी, रविवार, अकोला

पुढच्या प्रकरणासाठी पातूरची लेणी पाहायची होती म्हणून काल इकडे आलो. लेणी नेमकी कधीची यावर जाणत्यांचं एकमत नसावं, तेव्हा मी ती माझ्या सोयीने नागसिरीच्या काळात घेतली आणि तांडा थोडा वाकडा नेला. प्रणालीने वाकडा रस्ता लगेच पकडला, पण लेणी पाहून माफ केलं.

आत गार होतं. ती एका भिंतीला टेकून बसली. मी पावलांनी लांबी मोजत होते आणि सांगत होते, इथे तांडा मुक्काम करेल, सकाळी पूर येईल, नागसिरी एकटी मागे राहील आणि तांडा पुढे जाईल. ती म्हणाली, तिला एकटीला सोडून? मी म्हटलं, नायिका आहे ती, घाबरत नाही.

"घाबरत नाई म्हणून सोडून जा लागते का?"

मी पुन्हा पहिल्यापासून पावलं मोजली.

घरी आईने कपाटातला एक कप्पा रिकामा करून त्यात नवा कागद अंथरलाय. प्रणालीने पाहिलं आणि मला विचारलं, हा कोणासाठी? मी म्हटलं, आजी आवराआवर करून राहिली असेल. आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी पाणी प्यायला उठले. मागून ती स्वयंपाकघरात आली आणि दार लोटून म्हणाली, "तू म्हणते म्हणून आमी बी पाच वर्षं लोकाइले सांगून राहिलो, जावई सुरतले हायेत. आता पोरीले त घरातून नोको घालवू, वं." मी म्हटलं, घालवत नाही, शिकायला ठेवतेय. आई पोळ्या लाटत राहिली. मला तिचा फार राग आला. अजूनही आहे.

४ फेब्रुवारी, मंगळवार

नागसिरी भृगुकच्छला पोहोचली. आता बाप भेटायचा आणि इथेच गाडी अडली. शेवट ठरलेला आहे, पण पाच वर्षं तो का आला नाही याचं कारण द्यावं लागतं. मी तीन कारणं लिहिली. एक, समुद्रातल्या लुटारूंनी त्याला पकडून नेलं. दोन, तापात त्याची स्मृती गेली. तीन, परत निघाला तेव्हा मणी चोरीला गेले, रिकाम्या हाताने घरी कसं जावं म्हणून तो लाजेने राहिला. तिसरं लिहिताना मला रडू आलं, इतकं ते खरं वाटत होतं.

प्रणालीने तिन्हींवर काट मारली. तिन्हींपुढे तेच, कारण पटत नाही. मी म्हटलं, तिसरं तरी का नाही पटत? ती म्हणाली, लाज वाटते तो माणूस निदान एकदा तरी येऊन लपून पाहून जातो.

मी तिच्यावर ओरडले. काय बोलले ते सगळं लिहीत नाही. एवढं आठवतं की "इतकी शहाणी आहेस तर तूच लिही" म्हणून वही तिच्यापुढे आदळली. ती रडली नाही. वही सरळ केली आणि विचारलं, "लिहू?"

६ फेब्रुवारी, गुरुवार

तिने लिहिलं. तिच्याच शब्दांत उतरवून ठेवते.

"नागसिरी भृगुकच्छच्या बाजारात गेली. तिथे बाबांचं दुकान होतं. चांगलं मोठं होतं. बाबांना लुटारूंनी धरलं नव्हतं आणि त्यांची स्मृती पण गेली नव्हती. दुकानाच्या मागे घर होतं. घरातून एक बाई बाळ घेऊन आली आणि बाबांनी बाळाला कडेवर घेतलं. नागसिरीने मुलाचा वेश केला होता म्हणून बाबांनी तिला ओळखलं नाही. किंवा ओळखलं असेल. ते म्हणाले, काय पाहिजे? ती म्हणाली, काही नाही, रस्ता विचारायचा होता. मग ती परत निघाली. परत यायला कमी दिवस लागले, कारण कुठे शोधायचं नव्हतं.

आईने विचारलं, बाबा सापडले का? नागसिरीने खोटं सांगायचं ठरवलं होतं. पण मग आई आणखी वाट पाहत बसली असती. म्हणून तिने खरं सांगितलं. आईला कामासाठी दूर जंगलातल्या गावाला जायचं होतं. आईला वाटत होतं की नागसिरीला ते माहीत नाही. पण नागसिरीने तिचं गाठोडं आधीच बांधून ठेवलं होतं. समाप्त."

मी आधी शुद्धलेखन तपासलं. एकही चूक नव्हती. मग पुन्हा वाचलं. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडले. बाहेर आले तर ती दाराशीच उभी होती.

मी विचारलं, ते बाळ तुला कुठून सुचलं. कुठून ते मला माहीत होतं, तरी विचारलं.

"आई, ते शेठचं बाळ नाई. त्याचे कान माह्यासारखे हायेत."

मी डीपीवरचा फोटो उघडून मोठा करून पाहिला. कितीतरी वेळा पाहिलेला फोटो. कान आहेत तसेच, वरून किंचित दुमडलेले. गजेंद्रांचेही तसेच.

धारणीचं तिला यादी आली त्याच दिवशी कळलं होतं. गावात सातवीपर्यंत शाळा आहे, पुढे आश्रमशाळा आहे, हेही तिने शोधून ठेवलंय. तिचं म्हणणं एवढंच की तिला आजीकडे ठेवायचं नाही, जिथे मी तिथे ती. मी म्हटलं, तिकडे पावसाळ्यात रस्ता बंद होतो, ताप आला तर दवाखाना दूर, तुला तिथे नेणं मला जमणार नाही. मग अर्जातल्या त्या रकान्याचं सांगितलं. उद्या सहापर्यंत भरला तर आपण दोघी इथेच राहू शकतो.

तिने शब्दाचा अर्थ विचारला. मी इतकी वर्षं मराठी शिकवते, पण नीट सांगता आला नाही. "नवऱ्याने सोडलेली" असं शेवटी म्हटलं, तेही भिंतीकडे पाहून. ती म्हणाली, मग भर नं, खरंच तर हाये.

खरं आहे का? दुपारपासून मी स्वतःला हेच विचारतेय. त्यांनी कधी सांगितलं नाही की सोडलं. भांडण नाही, चिठ्ठी नाही, कोर्ट नाही. न सांगता कुणी सोडलेलं असू शकतं का? की सोडणं म्हणजे हेच? आईला फोन केला आणि काही न बोलता ठेवला. ती पुन्हा करेल म्हणून वाट पाहिली. तिने केला.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

दिवसभर शाळेत अर्ज भरला नाही. धर्मपाल सर दोनदा वर्गाच्या दारावरून गेले, आत आले नाहीत. निघताना फक्त म्हणाले, काही अडलं तर फोन करा, मॅडम.

पाचला घरी आले. प्रणाली गणितं सोडवत होती. मी तिच्या शेजारी बसून मोबाइलवर अर्ज उघडला. संवर्ग एक. खाली यादी आली. त्या शब्दावर बोट ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं. खूण झाली. मला वाटलं होतं काहीतरी होईल. काही झालं नाही, पुढचा रकाना आला.

केव्हापासून. दिनांक, महिना, वर्ष.

हे मला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं. शेवटचा फोन आला तो दिवस धरायचा? की दिवाळीला येतो म्हणाले आणि आले नाहीत, ती दिवाळी? की लॉकडाऊन उठलं आणि गाड्या सुरू झाल्या तो दिवस? प्रत्येक तारखेला मी एक कारण लावून ठेवलं होतं आणि आता कारणं काढली तर तारखाही सुट्या पडल्या. विचार करता करता पान बंद पडलं. पुन्हा ओटीपी, पुन्हा तोच रकाना. साडेपाच होऊन गेले.

"अकरा ऑक्टोबर दोन हजार एकोणीस," प्रणाली वहीतून मान वर न करता म्हणाली. "शुक्रवार होता."

मी म्हटलं, तुला कसं आठवतं, तू पहिलीत होतीस.

"सहामाही होती माही. तू म्हणली, बाबा झोपले हायेत, आवाज नोको करू. मी आत जाऊन पाहून आली होती. पलंगावर कोणी नव्हतं."

मी असं म्हणाले होते? मला आठवत नाही. दसरा आठवतो, त्यानंतरच्या दिवाळीचा फराळ आठवतो, त्यांच्यासाठी डब्यात काढून ठेवलेले अनारसे आठवतात. ती सकाळ मला अजिबात आठवत नाही. मी तिला विचारलं, मग त्या दिवशी काही बोलली का नाहीस? इतक्या वर्षांत एकदाही का नाही विचारलंस?

तिने आता मान वर केली. तिला माझा प्रश्नच कळला नसावा, असं पाहत होती.

"तूच म्हणली होती नं, आवाज नोको करू."

सहाला दहा मिनिटं होती. मी तारीख भरली.